मागचा उजवा दिवा

मित्रांनो, तुम्ही मला पाहिले नसेल, पण ऐकले नक्की असेल. वळण जवळ आले की मोटारसायकल जरा मंदावते, चालवणारा अंगठ्याने एक बटण सरकवतो आणि सीटखालून कुठून तरी आवाज येतो. टिक, टिक, टिक. तो आवाज माझा. मी एका जुन्या मोटारसायकलीतला फ्लॅशर आहे. वळणाचे दिवे जे लुकलुकतात ते माझ्यामुळे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. लांब बाकावर ओळीने बायका बसत आणि त्यांतल्या एकीने माझ्या पोटात एकमेकांना चिकटवलेल्या दोन धातूंची पट्टी बसवली. वरून तिने ॲल्युमिनियमचा डबा दाबून बंद केला, तेव्हापासून मी उजेड पाहिलेला नाही. वीज आली की माझी पट्टी तापते. तापली की वाकते. वाकली की तिचे टोक सुटते, वीज तुटते आणि दिवा विझतो. मग ती गार होते, सरळ होते, टोक पुन्हा टेकते आणि दिवा लागतो. एवढेच माझे काम. मी स्वतः दिवा नाही आणि मला दिवा दिसतही नाही. माझ्यातून किती वीज वाहते एवढेच मला कळते. ही गोष्ट तेवढी लक्षात ठेवा, मित्रांनो.

१९८१ साली मी वासुदेवरावांच्या मोटारसायकलीबरोबर राजाजीनगरातल्या त्यांच्या घरी आलो. त्यांचे आजोबा कधीकाळी बंगळुरात येऊन राहिले होते. घरात मराठी चाले, पण 'स्वल्प थांब' आणि 'सरी, निघतो' असे म्हणताना आपण कानडीत गेलो हे कुणाच्या ध्यानातही येत नसे. वासुदेवराव होसकोटेच्या एका कारखान्यात मोजमापाची यंत्रे दुरुस्त करत. रोज सकाळी तेवढे अंतर जायचे आणि संध्याकाळी परत यायचे.

त्यांची एक सवय होती. इंडिकेटर दिल्याशिवाय ते कधी वळले नाहीत. रस्ता रिकामा असो, गल्ली असो, स्वतःच्या घराचे फाटक असो, बटण सरकलेच पाहिजे. कारखान्यातले त्यांचे मित्र प्राणेश सगळ्यांना सांगत, "आमचे वासण्णा जेवताना ताटात भाताकडून चटणीकडे वळायचं झालं तरी आधी इंडिकेटर देतात." त्यावर वासुदेवरावांच्या पत्नी तुंगाबाई म्हणत, "तेवढा कपाटाकडे वळताना दिला असता, तर माझ्या काचेच्या चार बरण्या वाचल्या असत्या."

त्यांची मुलगी कस्तुरी तेव्हा नऊ वर्षांची होती. पहिल्याच दिवशी पेट्रोलच्या टाकीवर पुढे बसून तिने विचारले, "अप्पा, आतून कोण बोलतंय?"

"तो मागच्यांना सांगतोय, आम्ही वळतो आहोत हं."

"पण मागे कुणीच नाहीये."

"नसू दे. आपण सांगून वळावं. कुणी ऐकलं, नाही ऐकलं, तो पुढचा प्रश्न."

माझ्या सगळ्या आयुष्यात माझे एवढे कौतुक पुन्हा कुणी केले नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, बंगळुरात प्रत्येक वाहनाला न्हाऊ घालतात. आमच्या गाडीलाही केळीचे खुंट बांधले जात, शेवंतीचे हार पडत, चाकाखाली लिंबे ठेवली जात. गंध लावण्याचे काम कस्तुरीचे. ती म्हणे, गाडीला पाच डोळे आहेत. मोठा एक पुढे आणि वळणाचे चार छोटे. प्रत्येक डोळ्यावर ती चंदनाचा रुपयाएवढा टिळा लावी आणि त्यावर तेलात कालवलेले कुंकू बोटाने दाबी. ते गंध पुसायचे नाही, असा घरातला नियम होता. ऊन, धूळ, वारा नेईल तेव्हा नेईल. महिना-महिना ते तसेच राही. त्याचा कधी काही त्रास झाला नाही, कारण तेव्हा आमच्या दिव्यांत साधे बल्ब होते. बल्बचा उजेड काचेच्या कानाकोपऱ्यात भरतो. मध्ये टिळा असला तरी चहूबाजूंनी काच पेटलेली दिसे.

बल्ब मात्र टिकत नसत. होसकोटेच्या रस्त्याचे धक्के बसून त्यांच्या आतली तार तुटे. शिवाय बॅटरी जुनी झाली होती. गर्दीत गाडी उभी राहिली की बल्ब मलूल होत आणि माझी पट्टीही पुरेशी तापत नसे. मी मध्येच गप्प होई.

१९९७ च्या मे महिन्यात कस्तुरी माहेरी आली. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन ती पुण्याला गेली होती. वासुदेवरावांनी रुमालात बांधून जपून ठेवलेली एक पुडी तिच्यापुढे उघडली. एस. पी. रोडच्या विजेच्या सामानाच्या बाजारातून आणलेले एलईडी होते. डाळिंबाच्या दाण्याएवढे, पिवळ्या उजेडाचे.

"यांत तार नाही. तुटणार काय? धक्का बसो, काही होवो. बस इथं, शीक."

मागच्या अंगणात स्टूल मांडून बापलेक तीन दुपारी बसली. वासुदेवरावांनी तिला शिकवले की एलईडीला उलटे-सुलटे असते. लांब पाय बॅटरीच्या अधिक बाजूला, आखूड पाय वजा बाजूला, उलटे जोडले तर तो पेटतच नाही. बॅटरीतून वीज निघते, फ्लॅशरमधून जाते, बटणापाशी येते, तिथून डावीकडे किंवा उजवीकडे. उजवीकडची वाट पुढच्या आणि मागच्या उजव्या दिव्याला जाते. कस्तुरीने मागचा उजवा दिवा स्वतःच्या हाताने जोडला. सहा दाणे, मधोमध, फुलासारखे.

मग वासुदेवरावांनी बटण सरकवले आणि मी फजित झालो. एलईडी इतकी थोडी वीज पितात की माझी पट्टी तापलीच नाही. टिक नाही, काही नाही. वर आणखी एक गंमत झाली. हँडलजवळ एक छोटा खुणेचा दिवा असतो. त्याच्यातून चोरपावलांनी वीज पलीकडच्या बाजूला गेली आणि डावे, उजवे, पुढचे, मागचे असे चारही दिवे एकदम पेटून स्तब्ध राहिले.

तुंगाबाई धुणे घेऊन दारात आल्या होत्या. "अहो, नक्की कुठं वळणार? की गाडी आता दोन्हीकडे वळते?"

कस्तुरी हसून हसून पायरीवर बसली.

संध्याकाळी प्राणेश आले. त्यांनी मला बोटाने टिचकी मारली. "वासण्णा, हा म्हातारा काढून टाका. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर मिळतो आता. स्वल्प शोधावा लागेल, एवढंच."

"सोळा वर्षं बोलतोय हा माझ्याशी," वासुदेवराव म्हणाले. "याला काढून काय करू?"

त्यांनी मला काढले नाही. त्याऐवजी प्रत्येक बाजूच्या दिव्यांना समांतर एकेक रेझिस्टर जोडला. पांढऱ्या मातीचा, छोट्या विटेसारखा. तो बल्बएवढी वीज पिऊन नुसता तापतो, उजेड देत नाही. पण त्याच्यामुळे माझ्यातून पुरेशी वीज वाहू लागली, माझी पट्टी तापली आणि मी पुन्हा बोलू लागलो. चोरट्या विजेलाही त्याची सोपी वाट मिळाली आणि पलीकडचे दिवे शांत झाले.

प्राणेश म्हणाले, "शाबास! म्हणजे वाचवलेली वीज सगळी विटेला पाजली."

"पाजली. पण तार तर तुटणार नाही ना?"

रस्त्यावर नेऊन पाहिले, तर भर उन्हातही मागचा दिवा ठिणगीसारखा दिसत होता. वासुदेवरावांना एवढा आनंद झालेला मी फार दिवसांनी ऐकला. "आता कुणी म्हणू दे, दिसलं नाही म्हणून!" ते म्हणाले.

ऑक्टोबरात आयुधपूजेला कस्तुरी पुन्हा आली. लग्नानंतरची दोन वर्षे गाडीला गंध तुंगाबाईंनीच लावले होते, घाईघाईत, टाकीवर एक बोट. या वर्षी कस्तुरीने चंदन स्वतः उगाळले. पाचही डोळ्यांना टिळे लावले. स्वतः जोडलेल्या मागच्या उजव्या दिव्यावर तर तिने दोनदा बोट फिरवले आणि कुंकू चांगले दाबून बसवले.

मित्रांनो, बल्बचा उजेड भरून राहतो. एलईडीचा सरळ, नेमक्या दिशेने जातो. ते सहा दाणे काचेच्या बरोबर मध्यावर होते आणि टिळाही बरोबर मध्यावर. हे त्या दिवशी कुणाच्याच लक्षात आले नाही. हळद-कुंकवाचा दिवस होता, घरात माणसे होती. मी तर डब्यात. मला काय दिसणार?

दोन दिवसांनी ती पुण्याला गेली. जाताना म्हणाली, "अप्पा, फडकं मारून टाका हं एखाद्या दिवशी. गाडी अगदी रेड्यासारखी दिसतेय."

"तुझं बोट उमटलंय त्यावर," वासुदेवराव म्हणाले. "राहू दे. जाईल तेव्हा जाईल."

पुढचे टिळे वाऱ्याधुळीने झडले. मागचे, सीटच्या आडोशाला, तसेच राहिले.

दसऱ्यानंतर अकराव्या दिवशी, सकाळी, होसकोटेच्या रस्त्यावर कारखान्याकडे उजवीकडे वळायचे वळण आले. वासुदेवरावांनी बटण सरकवले. माझ्यातून वीज नेहमीएवढीच वाहिली, कारण त्या मातीच्या विटेला गंधाचे काही सोयरसुतक नव्हते. मी नेहमीसारखाच बोललो. टिक, टिक, टिक. हँडलजवळचा खुणेचा दिवाही लुकलुकला असणार. माझा आवाज ऐकून, सगळे ठीक आहे असे समजून, ते वळले. मागून एक व्हॅन उजवीकडून पुढे निघाली होती.

गाडी आडवी पडली, हँडल टाकीवर आपटून चेपले. कुणीतरी किल्ली फिरवली आणि मी गप्प झालो. त्याआधी मी व्हॅनवाल्याचा आवाज ऐकला. तो रडकुंडीला येऊन गर्दीला सांगत होता, "इंडिकेटर हाकलिल्ला, सार! देवराणे हाकलिल्ला!" त्यांनी इंडिकेटर दिलाच नाही, देवाशपथ दिला नाही. मित्रांनो, तो खोटे बोलत नव्हता. पोलिसांनीही तेच लिहून घेतले.

वासुदेवराव इस्पितळात नऊ दिवस होते. मी तिथे नव्हतो. मोडकी गाडी घराच्या मागच्या अंगणात आणून ताडपत्रीखाली ठेवली होती आणि मी त्या अंधारातल्या अंधारात लटकत होतो. काय झाले ते मला पुढे कळले, फेब्रुवारीत, कस्तुरी आईकडे राहायला आली तेव्हा. मायलेकी दुपारी मागच्या पायरीवर तांदूळ निवडत बसत. ताडपत्रीपासून पायरी दोन हातांवर.

"शेवटपर्यंत एकच घोकलं त्यांनी," तुंगाबाई म्हणाल्या. "मी इंडिकेटर दिला होता. पाणी पाजलं की तेच. डॉक्टर आले की तेच."

कस्तुरीने हातातले तांदूळ खाली ठेवले. मग म्हणाली, "मला पण म्हणाले. माझा हात धरून. मी म्हटलं, असू दे हो अप्पा आता."

"हं."

"त्यांनी हात सोडला, आई. माझ्याकडे बघितलं आणि हात सोडला. नंतर दोन दिवस होते, पण मला पुन्हा नाही म्हणाले."

"तुला काय वाटलं होतं? दिला नसेल?"

"सगळे सांगत होते नाही म्हणून. मला वाटलं, वय झालंय. विसरले असतील एखाद्या वेळी."

तुंगाबाईंनी सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. "ते? विसरतील?" एवढेच त्या म्हणाल्या.

त्या पायरीवर कस्तुरी रोज बसू लागली. तिला एकच गोष्ट हवी होती. अप्पा खरे बोलत होते की नाही, ते कळायला हवे होते. बाकीचे काही आता कुणाच्या हातात नव्हते. मी ताडपत्रीखाली लटकत होतो आणि मला ठाऊक होते, पण बॅटरी फुटलेली. वीज नसेल तर मी एक पत्र्याचा डबा आहे.

रविवारी प्राणेश आले. गाडी भंगारात द्यायची ठरली होती आणि तुंगाबाईंनी त्यांना बोलावले होते, चालणारी एखादी वस्तू असेल तर काढून घ्या म्हणून. "त्यांना धड वस्तू फेकलेली आवडायची नाही," त्या म्हणाल्या. प्राणेश आपली बॅटरी घेऊन आले. ताडपत्री निघाली. कस्तुरी पायरीवरून उठून जवळ आली.

प्राणेशनी वायरी जोडल्या आणि किल्ली फिरवली.

टिक, टिक, टिक.



"मामा," कस्तुरी म्हणाली, "तुम्ही बटण दाबलंत?"

"नाही गं. मी फक्त किल्ली..." ते हँडलपाशी वाकले. बटणाचे खोके टाकीवर आपटून चेपले होते आणि बटण उजवीकडे सरकलेले असतानाच त्यात रुतून बसले होते. प्राणेशनी अंगठ्याने ढकलून पाहिले. ते हलेना. "इथंच अडकलंय. पडले त्या वेळेपासून." ते उठून उभे राहिले. "वासण्णानी दिला होता! कस्तुरी, बघ, दिला होता!"

मी बोलत होतो. चार महिन्यांत पहिल्यांदा, आणि बोलत असताना मला वाटत होते की आता सगळे ठीक होईल. त्या सकाळीही मला असेच वाटले होते.

पुढचा उजवा दिवा तुटून गेलेला होता. कस्तुरी गाडीला वळसा घालून मागे गेली. मागचा उजवा शाबूत होता.

"मामा, हा लागत नाहीये."

प्राणेश तिच्या शेजारी जाऊन उकिडवे बसले. फक्त माझा आवाज. त्यांनी काय पाहिले ते मला नंतरच्या बोलण्यावरून समजले. काचेच्या मध्यावर वाळलेले चंदन, त्यावर काळपट झालेले कुंकू, कुंकवात एका बोटाच्या रेषा. आणि त्या टिळ्याच्या कडेला, खूप जवळ गेले तर, केसाएवढा पिवळा उजेड. येत होता आणि जात होता.

प्राणेश भला माणूस. ते पटकन म्हणाले, "वायर सुटली असणार बघ आतली. धडकेत. असं होतं."

"वायर सुटली असती तर कडेनं उजेड आला असता का, मामा?"

"मग... दाणे जळाले असतील एक-दोन."

"दोन-दोनच्या तीन जोड्या आहेत. एक-दोन दाणे जळाले तरी बाकीचे लागतात. मी जोडलेत."

तिला कुणी खोटे सांगून समजावू शकत नव्हते, मित्रांनो. तिच्या वडिलांनी तिला तीन दुपारी बसवून सगळे नीट शिकवले होते.

"आणि तो फ्लॅशर?" तिने विचारले. "त्याला कळलं नसेल?"

"त्याला कसं कळणार? विटेतून वीज चाललीच होती. त्याच्या हिशेबानं सगळं बरोबर."

कस्तुरीने अंगठा ओला केला आणि काच घासली. कुंकू तेलातले, लवकर निघेना. तिने पुन्हा घासली. मग एकदम सहा दाण्यांचा उजेड मागच्या भिंतीवर पडला. भर दुपारच्या उन्हात भिंतीवर पिवळा ठिपका, लागत होता, विझत होता. प्राणेशनी किल्ली बंद करायला हात पुढे केला. ती म्हणाली, "राहू दे. बोलू दे त्याला."

आवाज ऐकून तुंगाबाई दारात आल्या. सोळा वर्षे संध्याकाळी फाटकाशी हाच आवाज आला की त्या चहाचे आधण ठेवत. त्यांनी भिंतीवरचा ठिपका पाहिला, प्राणेशकडे पाहिले.

"आई," कस्तुरी म्हणाली, "अप्पांनी इंडिकेटर दिला होता."

"मला माहीत होतं."

"दिसला नाही. दिला होता, पण मागून दिसला नाही." तिने हात पुढे केला. अंगठा आणि शेजारचे बोट लाल झाले होते.

तुंगाबाईंना आमची वायरिंग कधी कळली नव्हती. पण आयुधपूजेला चंदन कुणी उगाळले ते त्यांना आठवत होते. त्या पायऱ्या उतरून आल्या. त्यांनी मुलीचा हात हातात घेतला, पदराचे टोक ओले केले आणि एकेक बोट पुसू लागल्या, लहान मुलाचे पुसतात तसे. डाग पदराला लागला. बोटावरचा पुरता गेला नाही. त्या पुसत राहिल्या. मी बोलत होतो, प्राणेशची बॅटरी उतरेपर्यंत.

गाडी भंगारात गेली. मला कस्तुरीने स्वतःच्या हाताने काढले. आता मी पुण्यात, तिच्या टेबलाच्या खणात असतो. शेजारी ती पांढऱ्या मातीची वीटही आहे. आम्हा दोघांना वीज नाही. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या सकाळी, खण उघडतो. ती मला बाहेर काढते, फडक्याने पुसते आणि परत ठेवते. मग खाली जाते. तिच्या बिल्डिंगच्या आवारात गाड्या धुतलेल्या असतात, मुले गंधाच्या वाट्या घेऊन फिरत असतात. खिडकीतून तिचा आवाज मला ऐकू येतो. "टाकीवर लाव, राजा. हँडलवर लाव. दिव्यावर नको." मुले विचारतात, का? ती सांगत नाही. म्हणून मी सांगितले.

मित्रांनो, तुमच्या घरची गाडी निघण्याआधी एकदा तिच्या मागे जाऊन उभे राहा आणि दिवे लागतात का ते डोळ्यांनी पाहा. माझ्यासारख्याच्या आवाजावर विसंबू नका. मी मनापासून बोलतो, पण मला दिसत नाही. आणि घरातले कुणी म्हातारे माणूस तुमचा हात धरून, 'मी सांगितले होते' असे म्हणाले, तर 'असू दे' म्हणू नका. आधी गाडीच्या मागे जाऊन या.